लेकीची फी कुणी भरायची?

आलेलं पत्र :

नमस्कार. मी कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. बायको बिड्या वळते. दोघांचं मिळून महिन्याला 18,500 रुपये घरात येतात. मुलीला सीईटीला चांगले मार्क पडले आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागलं. आम्ही ओबीसी आहोत. शिक्षण शुल्क 1,26,000 आहे, ते सरकार भरणार असं सांगतात. पण विकास शुल्क 17,000, हॉस्टेल आणि मेस वर्षाला 1,05,000, शिवाय लॅपटॉप.

माझे मेहुणे सरकारी नोकरीत आहेत. इथल्याच अनुदानित कॉलेजात बी.कॉम. झाले. पेढे द्यायला गेलो तर चारचौघांत म्हणाले, ‘आमच्या टॅक्सवर तुमची पोर शिकणार, आणि शिकून पुण्याचीच होणार.’ तेव्हापासून सरकारी शिष्यवृत्तीचा, महाडीबीटीचा फॉर्म भरायला मन घेत नाही. थोरले बंधू म्हणतात, कर्ज तिच्याच नावावर काढ, तिचं तिनं फेडावं, उद्या सासरी गेल्यावर आपल्याला काय? धाकटा मुलगा अकरावी पास झालाय. त्याला दोन वर्षं मागावर लावायचं ठरवलंय, महिना 9,000 मिळतील, तेवढाच हातभार. मी आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत. लोकांच्या पैशावर मुलगी शिकवणं बरोबर आहे का? आणि तिनं हे पैसे पुढं परत करायचे का?
– एक बाप, सोलापूर

उत्तर :

अण्णा, मुलीचं मनापासून अभिनंदन, आणि तुम्हा दोघांचंही. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं देतेच. पण त्याआधी तिसरी एक गोष्ट बोलायला हवी. ती तुम्ही विचारलेली नाही, ठरवून टाकली आहे. धाकट्याला मागावर लावू नका.

जरा हिशेब करून बघा. 9,000 गुणिले 12 म्हणजे 1,08,000. मुलीचं हॉस्टेल आणि मेस 1,05,000. म्हणजे बहिणीच्या राहण्याजेवणाचं अख्खं बिल तुम्ही 17 वर्षांच्या पोराच्या नावावर टाकलंय. मेहुण्यांचा टॅक्स, सरकारची योजना, बँकेचं कर्ज या सगळ्याचा तुम्ही रात्र रात्र विचार केलात, आणि सगळ्यात मोठा वाटा ज्याच्यावर पडला त्याला बहुधा विचारलंही नाही. तो ‘हो’ म्हणाला असेल तरी त्या ‘हो’ला फार अर्थ नाही. या वयात बापाचा चेहरा बघून पोरं हो म्हणतात. ‘दोन वर्षं’ हा शब्दही फसवा आहे. अकरावीनंतर मागावर गेलेलं पोरगं दोन वर्षांनी बारावीला परत बसल्याची उदाहरणं आपल्या पेठांमध्ये किती आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हातात आठवड्याचा पगार खेळायला लागला, घरानं तो धरून खर्च बांधला, की मग सुटका नसते. आपल्याकडे घरोघरी अशी एक जोडी असते. एक भाऊ शिकून पुण्याला गेला, दुसरा धोट्याच्या खडखडाटात राहिला. वीस वर्षांनी वाटणीच्या वेळी ‘माझ्या मजुरीवर तू शिकलास’ हे वाक्य निघतं, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

उच्च शिक्षणाचा खर्च समाजात कसा वाटला जातो यावर मोठमोठी चर्चा होते. त्या चर्चेत सरकार असतं, पालक असतात, बँका असतात. मागावर बसवलेला भाऊ आणि दहावीला थांबवलेली बहीण कुठल्याच ताळेबंदात येत नाहीत. म्हणून तुमच्या घरातला हा वाटा आधी बाजूला काढा. बाकीच्या रकमेचं काय करायचं ते पुढं सांगते, कारण ती रक्कम त्याच्याशिवायही उभी राहते.

आता मेहुण्यांचं बोलणं. ते तुम्हाला लागलंय हे पत्रातून दिसतं. पण ते खरं आहे का?

इन्कम टॅक्स मेहुणे भरतात, तुम्ही भरत नाही, हे मान्य. त्यांच्या टॅक्सवर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो, तेही मान्य. पण सरकारची तिजोरी एकट्या इन्कम टॅक्सवर भरत नाही. तुमच्या मोबाइलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी जातो, आणि तो मेहुण्यांच्या रिचार्जवर जातो तेवढाच. दुकानदार तुमच्याकडून कर घेताना पगाराची स्लिप विचारत नाही. 18,500 कमावणाऱ्या घरात सगळी मिळकत खर्चच होते, त्यामुळं कमाईच्या मानानं पाहिलं तर असा कर तुमच्यावर जास्त बसतो. वहिनी मांडीवर सूप घेऊन पान कापतात, तंबाखू भरतात, सूत गुंडाळतात आणि हजारावर मजुरी घेतात. त्या बिडीवर 2017 साली जीएसटी आला तेव्हा 28 टक्के कर बसला, 2025 च्या सप्टेंबरात तो 18 वर आणायचं ठरलं. तो कर ओढणारा भरतो, खरं आहे. पण ज्या धंद्यातून तो उभा राहतो त्यात पाठ कुणाची मोडते आणि छाट म्हणून परत आलेल्या बिड्यांची मजुरी कुणाची बुडते?

हे काही मी नव्यानं सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांची पहिली मागणी प्राथमिक शिक्षणाची होती, ते सगळ्यांना सक्तीचं करा म्हणून. पण ‘पैसे कुणाचे आणि शिकतंय कोण’ हा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडून ठेवला. तुमच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची कॉलेजं आपल्या करातून चालवली आणि स्वतःच्या घरातून एकही पोर तिथं पोचलं नाही. तुमच्या घरातली ही बहुधा पहिली. तिच्या निमित्तानं त्या भरण्यातलं थोडं परत येतंय, एवढंच झालंय.

आणि मेहुणे स्वतः? अनुदानित कॉलेज म्हणजे जिथं प्राध्यापकांचे पगार सरकार देतं आणि मुलांकडून नाममात्र फी घेतली जाते. त्यांच्या बी.कॉम.चा बराचसा खर्च लोकांनीच उचलला. त्यात काही गैर नाही, तो तसाच उचलायला हवा होता. 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं, आणि मार्कशीटच्या दुरुस्तीसाठी कोल्हापूरला खेटे घालणं थांबलं. तेही लोकांच्याच पैशातून झालं. आपलं मेडिकल कॉलेज सरकारी आहे. तिथल्या मुलांनी भरलेल्या फीत डॉक्टर तयार होत नाही, मोठा भाग सरकार घालतं, आणि सिव्हिलच्या ओपीडीत रांगेला उभ्या राहिलेल्या जिल्हाभरच्या माणसांना त्याचा उपयोग होतो. म्हणूनच एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचं बंधपत्र असतं.  शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्याला होतो आणि आजूबाजूच्यांनाही होतो, म्हणून खर्चही दोघांनी उचलायचा. याच्याइतकं सरळ दुसरं काही नाही.

तुम्ही ज्या घरात राहता त्याचंच बघा ना. कामगार नेते आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं लावून धरलं आणि 2006 साली बिडी कामगार बायकांच्या 10,000 घरांची ती वसाहत उभी राहिली. त्या घरात केंद्र सरकारचा वाटा होता, राज्याचा वाटा होता आणि कामगारांचा स्वतःचा वाटा होता. त्या घराची किल्ली घेताना तुमच्या घरात कुणाची मान खाली गेली का? लेकीची फी तशीच आहे. तिघांनी मिळून उचलायची.

मेहुण्यांना उत्तर द्यायचंच असेल तर भांडू नका. ‘तुमच्या टॅक्सचे उपकार आहेतच, आमचाही त्यात आहे’ एवढं म्हणा.

त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग मात्र मला खरा दुखतो. ‘शिकून पुण्याचीच होणार.’ गिरण्या गेल्यापासून सोलापूरची हीच कथा आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्या गावाचं घड्याळ चालायचं, त्या गावातून आज दर जूनमध्ये हुशार पोरं गाडीत बसतात. वाढवायचं सोलापूरनं, दहावी-बारावीपर्यंत शिकवायचं सोलापूरनं, आणि कमाईची वर्षं हिंजवडीची. हा वाटा आपल्या शहरावर अन्यायानं पडलेला आहे यात शंका नाही. पण तो दुरुस्त करायचा तर इथं काम आणा, उद्योग आणा, त्यासाठी निवडून दिलेल्यांच्या मागं लागा. 18 वर्षांच्या मुलीला त्याचा जाब विचारण्यात अर्थ नाही. मागाशिवाय आणि बिडीशिवाय काही करायचं ठरवलं, एवढंच तिनं केलंय.

आता हे बिल तुमच्यापर्यंत कसं आलं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला वाटतंय तसं ते नशिबानं आलेलं नाही. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या काळात महाराष्ट्रानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर सीट कमी होत्या, पोरं कर्नाटकात जायची. कॉलेजं उभी राहिली, पण सरकारनं त्यांच्या पगाराची जबाबदारी घेतली नाही. खर्च फीवर गेला. 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात एक पद्धत लावून दिली होती. निम्म्या जागा कमी फीच्या, निम्म्या जास्त फीच्या. पैसेवाल्यांच्या पोरांनी गरिबांच्या पोरांचा भार उचलायचा. 2002 साली टीएमए पै खटल्यात ती पद्धत मोडीत निघाली. एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याचा खर्च का उचलावा, असा त्यामागं विचार होता. मग आला शुल्क नियामक प्राधिकरणाचा रस्ता, महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा कायदा आहे. प्रत्येक कॉलेजचा खर्च तपासून फी ठरवायची, आणि गरिबाची फी सरकारनं कॉलेजला द्यायची.

कागदावर हे ठीक दिसतं. मला त्यातली एक गोष्ट पटत नाही, आणि ती तुम्हाला आता सोसायची आहे म्हणून सांगते. अनुदानित कॉलेजात शिकणाऱ्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागायची नाही. फीच कमी असायची, रांगेत सगळे सारखे. आता फी आधी मोठी करायची, मग उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल गोळा करून ‘मी गरीब आहे’ हे दर वर्षी दाखवायचं. पैसे उशिरा आले तर मधल्या महिन्यांचं ओझं भिशीवर, सोनं गहाण ठेवण्यावर, मायक्रोफायनान्सच्या हप्त्यावर. कोठारी आयोगानं 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला. तो गाठला असता तर तुमच्या मुलीच्या कॉलेजच्या काउंटरवर एवढ्या झेरॉक्स लागल्या नसत्या. मेहुण्यांच्या बोलण्यानं जी शरम तुम्हाला वाटली, ती असल्या पद्धतीतून येते. तुम्ही ती घेऊ नका. फॉर्म भरा.

पैशाचं बघू. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळतं. आधी ते निम्मं मिळायचं. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे, संस्थेच्या कोट्यातून नाही. तुमच्या मुलीचा कॅपमधूनच आहे, त्यामुळं 1,26,000 चा प्रश्न सुटला. कॉलेजनं ‘आधी पूर्ण भरा, नंतर परत देऊ’ म्हटलं तर घाईनं सावकाराकडं पळू नका. कोणत्या नियमानं मागता ते लेखी द्या, असं नम्रपणे सांगा. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते, ती मुलीला काढायला सांगा आणि कॉलेजच्या कागदाशी आकडा न् आकडा जुळवा. मंजूर फीपेक्षा एक रुपया जास्त घेणं किंवा बिनपावतीचे पैसे घेणं चालत नाही. देणगीबंदीचा कायदा महाराष्ट्रात 1987 पासून आहे.

‘मुलींना शिक्षण मोफत’ असं फलकावर लिहितात तेव्हा विकास शुल्क, खोली आणि ताट त्यात येत नाही, हे कुणी सांगत नाही. खरी अडचण तिथंच असते. हे शाहू महाराजांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. म्हणून त्यांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उघडली. खेड्यातलं पोर फीला अडत नाही, भाकरीला आणि अंथरुणाला अडतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेही याच कारणानं, आणि ते चालवायला घरोघरच्या बायकांनी दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढलं. त्या मूठमूठ धान्यावर शिकलेल्या एकाही पोरानं ‘मी लोकांच्या पैशावर शिकलो’ म्हणून मान खाली घातली असेल असं मला वाटत नाही.

तुमच्यापुढं आता पहिल्या वर्षाचे 17,000 आणि 1,05,000, असे 1,22,000 उरतात. लॅपटॉप पहिल्या सहामाहीत नसला तरी चालतो. कॉलेजात लॅब असते, तिथं बसू द्या तिला. दिवाळीनंतर जुना, चांगल्या स्थितीतला बघा.

ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांना तिच्यातून राहण्याजेवणाचा भत्ता मिळतो. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तुमचं वर्षाचं 2,22,000 होतं, म्हणजे त्यात बसता. जागा मोजक्या असतात आणि मार्कांवर ठरतात, म्हणून मिळेलच असं धरून चालू नका. पण तुमच्या मुलीचे मार्क चांगले आहेत. अर्ज कराच, आणि त्याच वेळी पुण्यातल्या ओबीसी मुलींच्या सरकारी वसतिगृहालाही करा.

वहिनींचं बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे ना? ते कपाटातून काढा. 1976 च्या कायद्यानं बिडीवर उपकर बसला, त्यातून कामगारांचा कल्याण निधी उभा राहिला आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती सुरू झाली. जीएसटीत तो उपकर गेला, शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक पदवीला ती वर्षाला 25,000 पर्यंत मिळते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. तिची उत्पन्नाची अट मात्र फार कडक आहे, तुमचा मागावरचा पगार धरून बसते का ते बिडी कामगारांच्या दवाखान्यात विचारून घ्या. एकाच वर्षी एकाच मुलीला दोन ठिकाणची मदत चालते का, हेही तिथंच विचारा. सायबर कॅफेवाला म्हणतो म्हणून दोन्ही फॉर्म भरू नका, नंतर दोन्ही अडकतात. उत्पन्नाची अट बसली, पण तिला दोन मदती चालत नाहीत असं निघालं, तर धाकट्याला बारावीला बघा, ही शिष्यवृत्ती शाळेपासून असते.

समजा यातलं काहीच आलं नाही. तरीही 1,22,000 जमतात. वर्षाला 60,000 शैक्षणिक कर्ज घ्या, राष्ट्रीयीकृत बँकेतून, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, गहाणही ठेवावं लागत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर कोर्सची वर्षं आणि वर एक वर्ष यांचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचं, मानांकन लागतं, ते तपासा. चार वर्षांचे 2,40,000 होतील. दहा टक्के व्याज धरून सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 4,000 पडतात. पहिल्या नोकरीच्या पगारात हे बसतं. बंधूंना मात्र एक सांगा. कर्ज नुसतं तिच्या नावावर निघत नाही, सहकर्जदार म्हणून तुमची सही लागते. तिचं तिनं फेडावं असं म्हणून कुणाला हात झटकता येणार नाहीत.

इथं आपल्या पद्धतीतली एक खोट आहे, ती माहीत असू द्या. ऑस्ट्रेलियात 1989 पासून अशी व्यवस्था आहे की मुलाची कमाई ठराविक रकमेच्या वर गेली तरच फीचं देणं पगारातून, करासारखं कापलं जातं. कमाई नसेल तर वसुली थांबते. जर्मनीत तर 2014 पर्यंत सगळ्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांची फीच काढून टाकली. आपल्याकडे नोकरी लागो न लागो, हप्ता तारखेला सुरू होतो. धोका सगळा कुटुंबाचा. म्हणूनच कर्ज कमीत कमी ठेवा, बँक जास्त देते म्हणून जास्त घेऊ नका, आणि खाजगी फायनान्सच्या दारात तर जाऊच नका.

उरले 62,000. वहिनींची भिशी असेल, त्यातून आणि तुमच्या बोनसातून 40,000 निघतील असं मी धरते. कमी निघाले तर भावंडांकडे थोडं जास्त मागा. बाकी 22,000 मोठ्या बंधूंकडे आणि मेहुण्यांकडे मागा. हो, मेहुण्यांकडेही. हातउसने, बिनव्याजी, वहीत लिहून आणि परतीची तारीख टाकून. दोघांनाही तिच्या शिक्षणाबद्दल मत आहे, तेव्हा वाटाही असू द्या. आपल्या माणसांकडे मागण्यात कमीपणा नसतो, आणि कितीतरी वेळा टोचून बोलणारा माणूसच हातात पैसे ठेवतो. नाही दिले तर पोराला मागावर पाठवण्याआधी पतसंस्थेचं दार आहे.

मुलीनं परत करायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बँकेचं कर्ज तिनं फेडावं, ते तिचंच आहे, लग्न झालं तरी तिचंच. ‘सासरी गेल्यावर आपल्याला काय’ हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा काढू नका. मुलगा शिकला असता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. तुम्ही आणि वहिनींनी जे घातलं त्याचा हिशेब मात्र तिच्याकडून मागू नका. ती तुम्हाला पैसे पाठवेल, पाठवावेतच, पण ते लेकीचे म्हणून या, वसुलीचे म्हणून नको. सरकारचं देणं ती पगार सुरू झाला की करातून देईल, आणि त्यातून उद्या दुसऱ्या एखाद्या मागवाल्याची पोर शिकेल.

तिला आकडे मात्र सगळे दाखवा. जाण्याआधी एका संध्याकाळी चौघं बसा, कागद मध्ये ठेवा. कुठून किती येणार, कर्ज किती, मामाचे किती, आईच्या भिशीचे किती. धाकट्यालाही बसवा. हॉस्टेलवर गेल्यावर काटकसर कर म्हणून फोनवर सांगण्यापेक्षा हे बरं. पुण्याच्या कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते, लायब्ररीत, ऑफिसात तासावर काम मिळतं. ती तिला दुसऱ्या वर्षापासून करू दे. पहिलं वर्ष गणिताचं आणि इंग्रजीचं जड जातं, मराठी माध्यमातून आली असेल तर जास्तच. चार वर्षांनी तिची नोकरी लागली आणि तिनं आपणहून भावाच्या फीला हातभार लावला तर आनंदानं घ्या, पण आज तिच्याकडून तसं वचन घेऊ नका.

धाकट्यासाठीही रस्ते आहेत, ते त्याला आत्ताच सांगा म्हणजे बारावीला जोर येईल. ओबीसी मुलांना व्यावसायिक कोर्सला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. सोलापुरात 1956 पासून सरकारी पॉलिटेक्निक आहे, बारावी सायन्सनंतर तिथं थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. घरी राहून, घरचं जेवून शिकता येतं. तेही नको असेल तर अनुदानित कॉलेजात बी.एस्सी., बी.कॉम. आहेच. मेहुणे तिथूनच शिकले.

आता कागदांचं. सेतूत उद्याच जा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, डोमिसाइल यांना दिवस लागतात आणि या दिवसांत तिथं रांगा असतात. जात पडताळणीचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी दिलं असेल, त्याच्या दोन प्रती घरी ठेवा. मुलीचं बँक खातं तिच्या आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत उभं राहून विचारा, महाडीबीटीचे पैसे नाही तर अडकून पडतात. प्रवेशपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं, आडनावाचं एक अक्षर जरी इकडचं तिकडं असलं तरी आधी ते दुरुस्त करून घ्या. आणि सेतूतून परत येताना धाकट्याच्या कॉलेजात जाऊन त्याची बारावीची फी भरून या.